घुसडलेलं कडवं

सासूबाईंच्या घरात कविता वाचायला बंदी होती. म्हणायची असेल तर पाठ करून म्हणा, हातात कागद दिसला तर चहा मिळणार नाही, असा साधा नियम. सासूबाईंनी आयुष्यभर एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम केलं होतं. म्हणजे नट उजेडात उभे राहून वाक्यं विसरायचे आणि सासूबाई विंगेतल्या अंधारात बसून ती त्यांच्याकडे फेकायच्या. पुढे कंपनी बंद पडली, नट म्हातारे झाले, काही वारले. सासूबाईंची सवय मात्र ठणठणीत राहिली. टीव्हीवर बातम्या देणारा अडखळला तरी त्या पुढचा शब्द सांगून मोकळ्या होत, आणि तो बहुतेक वेळा मूळ बातमीपेक्षा बरा असे.

दर रविवारी संध्याकाळी दोघी मुली आणि दोघे जावई त्यांच्याकडे जमायचे. चहा झाला की कुणीतरी उठून कविता म्हणायची. सक्ती कसलीच नाही. काही घरांत पत्ते खेळतात, काही घरांत भांडतात, ह्या घरात कविता म्हणत. म्हणणाऱ्याच्या जरा मागे, डाव्या अंगाला, सासूबाई स्टूल टाकून बसायच्या. म्हणणारा अडला की सपाट कुजबुजीत त्या शब्द फेकायच्या. तीनपेक्षा जास्त शब्द फेकावे लागले तर सगळ्यांच्या कपबश्या त्यानं विसळायच्या.

थोरल्या जावयाला कपबश्यांचा चांगलाच सराव होता. तो कवळ्या बनवायचा. डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, आणि बसवता बसवता कविता घोकायची. समोर फळीवर दहा-बारा जबडे आ वासून बसलेले. इतकं तोंड उघडं ठेवून ऐकणारे श्रोते भल्याभल्यांना मिळत नाहीत. पण एक कविता पाठ व्हायला त्याला महिना लागायचा, आणि रविवारी उभं राहिलं की त्यातली अर्धी जबड्यांपाशीच राहून गेलेली असायची. तरी त्याला ते आवडायचं. एखादी ओळ आठवडाभर तोंडात घोळवत हिंडण्यात जी मजा होती, ती त्याला दुसऱ्या कशातच सापडली नव्हती.

आणि त्याच्यापाशी लांबडी होती.

लांबडी म्हणजे एक लांबलचक कविता. कंपनीतला एक म्हातारा नट मेकअप उतरवताना ती म्हणायचा. कुणी लिहिली, त्यालाही ठाऊक नव्हतं. कुठल्या पुस्तकात ती कुणाला सापडली नाही. नट गेल्यावर ती फक्त सासूबाईंच्या डोक्यात उरली. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी ती थोरल्या जावयाला दिली, कडव्यामागून कडवं, स्वेटर विणून द्यावा तशी. एक माणूस रिकाम्या घरी परत येतो आणि घरातल्या एकेका वस्तूला प्रश्न विचारत सुटतो, एवढंच त्या कवितेत घडायचं.

*घड्याळाला विचारले, किती वाजले,*
*घड्याळ म्हणाले, तिला विचार.*

*आरशाला विचारले, कसा दिसतो मी,*
*आरसा म्हणाला, एकटा.*

जगात ही कविता दोनच माणसांना येते, ही गोष्ट थोरल्याला कवितेपेक्षा काकणभर जास्तच आवडायची. 

मग धाकटीचं लग्न झालं आणि साडू घरात आला.

साडू लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्याचा आवाज असा, की त्यानं नुसतं 'क्लच सोडा' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला आयुष्यात काहीतरी सुटून गेल्यासारखं वाटे. कविता त्याला दोनदा ऐकली की पाठ. घोकणं नाही, अडणं नाही. हे कळल्यापासून थोरल्यानं रविवारी लांबडी काढणंच बंद केलं होतं. तो उभा राहिला की बायका गालाला हात लावून ऐकायच्या, आणि त्यात थोरल्याची स्वतःची बायकोही असायची. सासूबाई मागे स्टुलावर हात बांधून बसायच्या, एक शब्द फेकावा लागायचा नाही. लग्नाला वर्ष होत आलं तरी सासुरवाडीत भांडी घासायचा नळ कुठे आहे, हे साडूला माहीत नव्हतं.

त्यातून माणूस स्वभावानं चांगला. थोरला अडला की मान खाली घालायचा, हसायचा नाही. येताना थोरल्यासाठी आठवणीनं गोळ्या आणायचा, घसा मोकळा राहायला. त्याच्यात खोट काढायला कुठे जागाच नव्हती, आणि थोरल्याच्या मते ह्यासारखी दुसरी खोट नाही.

एका रविवारी साडूचं म्हणून झालं, तशा सासूबाई म्हणाल्या, "थोरले जावईबापू, ह्यांना लांबडी द्या."

थोरल्याच्या हातातली बशी कलंडली. "कोणाला?"

"ह्यांना. माझा घसा बसलाय, नाहीतर मीच दिली असती. ह्या आवाजात ती ऐकायची आहे मला एकदा."

"माझ्या आवाजात ऐकलीत की तुम्ही. कितीतरी वेळा."

"म्हणून तर," सासूबाई म्हणाल्या.

परतताना बायको म्हणाली, "एवढं जळायला काय झालं तुला?"

"मी कुठे जळतोय?"

"धूर निघतोय."

"कविता काय कुणाच्या बापाची असते का? खुशाल शिकू दे. मला आनंदच आहे."

"मग दात का खातोयस?"

"धंदाच आहे माझा," थोरला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कवळ्या बसवता बसवता त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. कल्पना साधी आणि नीच होती. लांबडीत एक कडवं आपल्या मनचं घुसडायचं. साडूला काय कळणार? तो ते जसंच्या तसं पाठ करणार, रविवारी घोळवून घोळवून म्हणणार, आणि मागून सासूबाईंची सपाट कुजबुज येणार: हे नाही. साडूला पहिल्यांदा टोकलं जाईल. बायका गालावरचा हात काढतील. पुढे नळ कुठे आहे ते आपण स्वतः दाखवू, प्रेमानं.

कडवं वाईट तर हवं, पण साडूला आधीच संशय येईल इतकंही वाईट नको. वाईट कविता मोजून-मापून करणं सोपं नसतं. दुपारभर तो त्यावर खपला. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या कवळीत सुळ्याच्या जागी दाढ बसली. शेवटी जुळलं:

*दाराला विचारले, तू कोणाचे,*
*दार म्हणाले, कुलुपाचे.*

थोरला स्वतःशीच खुदकन हसला. दार म्हणे कुलुपाचे! असलं कोण लिहील?

शिकवणी साडूच्या गाडीत झाली, कारण साडूला दुसरीकडे वेळच नव्हता. स्टिअरिंगवर एक शिकाऊ काकू, शेजारी पायाखाली जादा ब्रेक घेऊन साडू, आणि मागच्या सीटवर लांबडी घेऊन थोरला.

"म्हणा दादा," साडू म्हणाला. "काकू, आरशात बघा."

"आरशाला विचारले, कसा दिसतो मी," थोरल्यानं सुरुवात केली.

"मला म्हणताय का?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही रस्ता बघा. दादा, पुढे."

थोरल्यानं घसा खाकरला. चेहरा कोरा ठेवून त्यानं दार आणि कुलूप सांगून टाकलं. गाडी आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. काकूंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीत ठेवले होते.

"बाई गं," काकू म्हणाल्या. "किती खरं आहे हो."

"काय खरं आहे?" थोरला दचकला.

"माझं माहेर विकलं त्या वर्षी..." काकू बोलायच्या थांबल्या. मागचा टेम्पोवाला बाजूनं जाताना आईवरून काहीतरी बोलून गेला.

साडू काचेतून बाहेर बघत होता. "दादा," तो हळूच म्हणाला, "हे कडवं तर सगळ्यांवर कडी आहे."

थोरल्याला हे मुळीच आवडलं नाही.

रविवारी साडू उभा राहिला. सासूबाईंनी स्टूल ओढलं. थोरला मुद्दाम समोर बसला, टोकलं जाताना साडूचं तोंड नीट दिसावं म्हणून. घड्याळ झालं, आरसा झाला. सासूबाईंचे ओठ साडूच्या अर्धा शब्द पुढे हलत होते, सायकल शिकणाऱ्याला मागून धरून पळावं तसे. मग साडूनं आवाज खाली आणला.

"दाराला विचारले, तू कोणाचे," आणि तो थांबला, ह्या थांबण्यासाठीच त्याला जन्माला घातलं असावं असा, "दार म्हणाले, कुलुपाचे."

धाकटीनं नाक ओढलं. थोरल्याची बायको खिडकीकडे बघायला लागली.

थोरला कान टवकारून वाट बघत होता. कुजबुज आली नाही. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ थांबले होते. हात मांडीवर उताणे पडले होते, वजनकाट्याच्या रिकाम्या पारड्यांसारखे. साडू पुढे जिना, दिवा, उंबरा सगळं म्हणत गेला, पण ते ओठ पुन्हा हलले नाहीत.

टाळ्या वाजल्या. सासूबाई म्हणाल्या, "दाराचं परत म्हणा."

साडूनं परत म्हटलं.

"हे मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजी संपली सांगावं तसा. "हे कडवं माझ्याकडून गळलं."

"आई, असं काय, एखादं कडवं," धाकटी म्हणाली.

"एखादं? गळल्याचंसुद्धा मला कळलं नाही. मग आणखी किती गळली असतील ते मला कोण सांगणार?" त्यांनी स्टूल उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. "पुढल्या रविवारी नका येऊ. ओळ माहीत नसलेला प्रॉम्प्टर म्हणजे विंगेतला खांब. खांबाला चहा कशाला करायला लावायचा?"

थोरल्यानं तोंड उघडलं. पण तेवढ्यात बायको साडूला म्हणाली, "तुमच्यामुळे कळलं तरी, की लांबडीत एवढं सुंदर काही होतं," आणि त्याचं तोंड आपोआप मिटलं.

तो आठवडा थोरल्याला दोन्हीकडून भाजत गेला. एकीकडे सासूबाई. त्या फोनवर बोलेनात. टीव्हीवरच्या माणसाला खुशाल अडखळू देऊ लागल्या. धाकटीनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. सासूबाईंनी तिन्ही सांगितले, वर आपण दारात शिरल्यापासून डॉक्टरांनी उच्चारलेलं प्रत्येक वाक्य सांगितलं, त्यांच्या उचकीसकट. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत मी काय विसरले ते," आणि पर्स उचलून निघाल्या.

दुसरीकडे ते कडवं. बायको घराला कुलूप लावताना ते गुणगुणायची. शेजारणीला तिनं ते म्हणून दाखवलं, आणि शेजारीण आपल्या दारावरून हात फिरवत घरात गेली. साडूच्या शिकाऊ काकूंनी ते भिशीत नेलं. जो तो म्हणायचा, काय ओळ आहे, आणि पुढे म्हणायचा, काय म्हणतो तो तुमचा साडू! थोरल्याला साडूच्या आवाजाचं दुखणं होतंच. आता त्याच आवाजातल्या आपल्या ओळीचं नवं दुखणं जडलं. स्वतःच्या ओळीवर जळणारा माणूस त्यानं ह्याआधी पाहिला नव्हता, आणि आता रोज दाढी करताना दिसत होता.

सांगून टाकावं असं त्याला वाटे. पण ते वाटणं धुतल्या तांदळासारखं नव्हतं. सासूबाईंचा जीव हलका व्हावा, हे निम्मं. ओळ माझी आहे हे सगळ्यांना कळावं, हे निम्मं. कुठलं निम्मं मोठं, हे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

शुक्रवारी बायको आईकडे जाऊन आली आणि जेवताना मधेच थांबली. "आई आज कागदावर लिहीत होती," ती म्हणाली. "पाठ असलेलं सगळं लिहून काढतेय. म्हणाली, उरलंय ते तरी वाचवू दे."

त्या घरात कागद! थोरल्यानं ताट बाजूला सारलं.

रविवारी नको म्हटलेलं असूनही त्यानं सगळ्यांना गोळा केलं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. चहा नव्हता. थोरला मधोमध उभा राहिला, कविता म्हणायला उभं राहतात तसा.

"आई, दाराचं कडवं लांबडीत नाही. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. ते मी घुसडलं."

मग साडू उठला, आणि त्याचे डोळे चक्क भरून आले होते. "दादा," तो म्हणाला, "आईंना बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय."

"नाही हो. खरंच मी."

"केवढं मन लागतं ह्याला," साडू इतरांकडे वळून म्हणाला, आणि त्या आवाजात ते इतकं पटण्यासारखं वाटलं की थोरल्यालाही क्षणभर पटलं. बायको त्याच्याकडे बघत होती. असं तिनं लग्न ठरण्याच्या सुमाराला पाहिलं होतं. आता इथे गप्प बसलं तर आपण देवमाणूस ठरतो, हे थोरल्याच्या लख्ख लक्षात आलं. पण पलंगावर सासूबाई तशाच बसून होत्या, हात उताणे.

"मी जळत होतो," तो म्हणाला. "तुम्ही ह्याला लांबडी द्यायला लावलीत म्हणून. मला वाटलं, तुम्ही ह्याला टोकाल. सगळ्यांदेखत. म्हणून केलं."

"अय्या," धाकटी म्हणाली.

बायकोचं बघणं बदललं. साडू हळूहळू खाली बसला.

सासूबाईंनी मान वर केली. "माझी समजूत काढायला काहीही सांगाल. तुम्ही केलंत ना? मग खुर्चीचं करा."

"आत्ता?"

"नट काय म्हणतो, उद्या म्हणतो? करा."

थोरल्यानं खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीनं काही मदत केली नाही. "खुर्चीला विचारले, तू रिकामी का," तो म्हणाला, आणि त्याला घाम फुटला, "खुर्ची म्हणाली... आज सुट्टी आहे."

कुठेतरी लांब कुत्रं भुंकलं.

"बादलीचं," सासूबाई म्हणाल्या.

"बादलीला विचारले, तू भरलीस का, बादली म्हणाली, नळाला विचार."

सासूबाईंचा खांदा हलला. मग दुसराही. "पंख्याचं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पंख्याला विचारले, का फिरतोस," थोरला आता रडकुंडीला आला होता, "पंखा म्हणाला, बटण चालू आहे."

सासूबाई हसल्या त्या थांबेनात. पदराचा बोळा तोंडात कोंबून हसल्या. "हे ह्यांचंच," त्या मुलींना म्हणाल्या. "इतकं वाईट दुसऱ्या कुणाला जमणार नाही. कंपनीच्या लेखकालासुद्धा नाही जमायचं." मग डोळे पुसून त्या एकदम गंभीर झाल्या. "आठवडाभर मी माझ्याच डोक्याला परक्यासारखी वागवत होते, जावईबापू. हे मी विसरणार नाही. आता तर मुळीच नाही."

"हो आई."

"आणि मी ह्या धाकट्यांना टोकत नाही, ते काही लाडानं नव्हे. हे चुकतच नाहीत. मला बसल्या बसल्या झोप येते."

साडूचा चेहरा पडला. "झोप?"

"आवाज गोड आहे ना तुमचा. आणखी काय होणार?"

"मग ते दाराचं कडवं काढून टाकायचं का?" धाकटीनं विचारलं.

"का म्हणून? चांगलं आहे ते. चुकून झालंय, पण चांगलं आहे. राहू दे. म्हणतील मात्र हे," त्यांनी साडूकडे बोट केलं. "थोरल्यांच्या तोंडी ते कुलूप दुरुस्तीच्या पाटीसारखं वाटेल."

बायको फिस्सकन हसली, तिनं हसायला नको होतं. थोरल्यानं ते गिळलं. गिळताना टोचलं.

सासूबाई उठल्या, भिंतीशी गेल्या आणि स्टूल घेऊन आल्या. "चला. लांबडी, पहिल्यापासून. आधी थोरले."

थोरला उभा राहिला. घड्याळ म्हटलं, आरसा म्हटला. जिन्याशी आला आणि अडला. खरोखरच अडला, डोकं प्लास्टरच्या साच्यासारखं पांढरं. मागे शांतता. ती शांतता लांबत गेली. वळून बघायची सोय नव्हती, नट विंगेकडे बघत नसतो. शब्द येणार नाही, असं त्याला वाटलं. आपण जे मोडलं ते मोडलेलंच राहिलं, असं त्याला वाटलं.

"पायऱ्यांना," मागून सपाट कुजबुज आली.

थोरल्यानं श्वास सोडला. पुढे तो इतक्या वेळा अडला की मोजायचं सगळ्यांनी सोडून दिलं, आणि दर वेळी मागून शब्द आला, आधीच्यापेक्षा लवकर, आधीच्यापेक्षा चुरचुरीत. संपलं तेव्हा सासूबाईंच्या गालांवर रंग चढला होता. त्या स्टुलाच्या अगदी कडेला येऊन बसल्या होत्या.

मग साडू उठला. त्यानं सुरुवात केली. खोली नेहमीसारखी त्याच्या आवाजात बुडायला लागली. घड्याळ. आरसा. दार. दाराशी थोरल्याचा जीव खालीवर झाला, आणि तो बायकोच्या गालाकडे न बघण्याची शिकस्त करत राहिला. मग जिन्याशी येऊन साडू थांबला.

थांबलाच. त्याचा हात अर्ध्यात राहिला. नजर कुठे लांब, एखादी गोष्ट अंधारात चाचपडावी तशी. ओठ उघडले, मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तो अडला होता.

"पायऱ्यांना!" सासूबाईंनी शब्द फेकला, आणि त्या आवाजात असा आनंद होता, की धाकटीनं नवऱ्याकडे चमकून पाहिलं.

हा मुद्दाम अडला, हे थोरल्याला कळलं. दोनदा ऐकून पाठ होणाऱ्या माणसाला पायऱ्या सापडू नयेत? म्हातारीला झोप येऊ नये म्हणून त्यानं हे केलं, हे कळलं. चांगलं केलं, हेही त्याला मान्य होतं. पण अडलाय कसा! ती मान, तो श्वास, तो अर्ध्यात राहिलेला हात! थोरला इतकी वर्षं मनापासून अडत आला, आणि त्याचं अडणं एकदाही इतकं सुंदर दिसलं नव्हतं. बायकोचा हात पुन्हा गालाला गेला होता.

"वा," थोरला म्हणाला, कारण म्हणणं भाग होतं, आणि कपबश्या गोळा करायला उठला. मग त्याच्या ध्यानात आलं की आज चहा झालेलाच नाही, आणि तो रिकामे हात घेऊन तसाच मधोमध उभा राहिला.